पडद्याबाहेर गेलेला तक्ता

बाबा मोजमापं कधी कागदावर लिहीत नसत. हात सतत तेलाने माखलेले, कागद धरला की काळा. परदेशात, तुआस बंदरावरच्या त्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सगळेच फिटर पत्र्याच्या तुकड्यावर खडूने आकडे लिहायचे, पत्रा ऑफिसात आणून वाचून दाखवायचे आणि लगेच चिंधीने पुसून पुढच्या कामाला लागायचे.

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मला त्याच ऑफिसात टायपिंगचं काम मिळालं. बाबा तिथे फोरमन होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बाबा वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगत की मुलगी कॉम्प्युटर शिकते. मला त्याचा अभिमान वाटे आणि धाकही. ऑफिसात आम्ही तिघंच असायचो. मी, पुण्याचे साहेब, जे पूर्वी जहाजावर चीफ इंजिनिअर होते, आणि फाइली सांभाळणारी एक चिनी बाई. तिला सगळे आंटी म्हणत.

त्या दिवशी सकाळी बाबा पत्रा घेऊन आले. एका जहाजाच्या इंजिनाच्या सहा सिलिंडरची आतून किती झीज झाली, त्याचे ते आकडे होते. बाबा वाचत गेले, मी टाइप करत गेले. चार वाजता जहाज तपासून मंजुरी देणारा सर्वेअर येणार होता. त्याला छापलेला तक्ता दाखवला, त्याची सही झाली, की जहाज संध्याकाळी सुटणार होतं. इंजिन मात्र मोजमापं झाल्याझाल्या पुन्हा बंद केलं होतं, झाकणं बसवून नट आवळलेले. शेवटचा आकडा सांगून बाबांनी पत्रा पुसला.

"आता तुझ्याकडे आहे ना, बाय," म्हणाले आणि गेले.

मी तो तक्ता सेव्ह केला नाही. विसरले नव्हते. कॉलेजात माझं स्वतःचं काम मी दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची. पण गावच्या शाळेत आम्ही आधी कच्च्या वहीत लिहायचो आणि बाईंनी तपासल्यावरच पक्क्या वहीत उतरवायचो, आणि सेव्ह करणं म्हणजे पक्क्या वहीत उतरवणं असं माझ्या मनात कुठेतरी बसलं होतं. हे साहेबांचं काम. त्यांनी बघायच्या आधी ते पक्कं करणारी मी कोण?

जेवणानंतर साहेब तपासायला बसले. डावीकडे सर्वेअरला द्यायचं पत्र, उजवीकडे तक्ता, अशा दोन खिडक्या मी शेजारी शेजारी लावल्या होत्या. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि अक्षरं फार बारीक आहेत म्हणाले. ती कशी मोठी करायची हे मी लॅबमध्ये नुकतंच शिकले होते. मी उत्साहाने सेटिंग उघडलं आणि पडद्यावरचं सगळं मोठं करणारी सरकती खूण सरळ शेवटच्या टोकाला नेली. पडदा एकदा काळा झाला, पुन्हा उजळला. पत्राची अक्षरं छान टपोरी दिसायला लागली. साहेब खूश झाले.

"आणि तक्ता?"

तक्ता नव्हता. अक्षरं मोठी झाल्यावर पडद्यावर मावायचं कमी झालं होतं आणि उजवीकडचं सगळं कडेच्या पलीकडे राहिलं होतं. मी सेटिंग परत पहिल्यासारखं करायला गेले, तर त्या खिडकीचं 'ओके'चं बटणही पडद्याच्या खाली गेलेलं. आंटी मागून येऊन बघून गेली आणि तिच्या सवयीचा 'ला' लावून तिने सरळ उपाय सांगितला, बंद करून चालू कर ला, सगळं ठीक होतं. तिचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडे गेलाही होता.

"नको," मी म्हणाले. ऑफिसात मी कुणाला नको म्हटल्याची ती पहिली वेळ. मग हळू आवाजात साहेबांना सांगितलं की सेव्ह केलेलं नाही, बंद केलं तर सगळे आकडे जातील.

साहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी फोन उचलून बाबांना बोलावलं आणि विचारलं, की मिस्त्री, आकडे लक्षात आहेत का? बाबा म्हणाले, चार-पाच असतील, पण सर्वेअरपुढे अंदाजाने काही सांगणार नाही. म्हणजे झाकणं पुन्हा उघडायची आणि जहाज आज सुटणार नाही. पावणेतीन झाले होते.

बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्याच्या खालच्या पट्टीवर तक्त्याचं नाव दिसत होतं. मी त्यावर क्लिक केलं की ते दाबलं जाई, पुन्हा केलं की सुटे. म्हणजे तक्ता जिवंत होता! मी त्या नावावर माउसचं उजवं बटण दाबलं, तर एक छोटी यादी उघडली. तीत 'मूव्ह' होतं. ते निवडून मी माउस जोरात हलवला. काहीच नाही.

बाबांनी विचारलं, "तू तो ठेवला होतास कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"मग डावीकडे ओढ. नट खाली पडला की आम्ही आधी तेच विचारतो, पडला कुठल्या बाजूला."

ओढू कशाने? धरायला काही दिसतच नव्हतं. तेवढ्यात मला लॅबमधली माझी जागा आठवली. तिथला माउस बिघडलेला होता, आणि सरांना सांगायला मी लाजायची, म्हणून सगळं बाणांच्या बटणांनीच करायला शिकले होते. मी पुन्हा 'मूव्ह' निवडलं आणि डावा बाण दाबून धरला.

एक, दोन, तीन सेकंद काही नाही. मग उजव्या कडेतून तुटक रेघेची एक बारीक चौकट आत आली. हळूहळू, चालत आल्यासारखी. आंटीने माझा खांदा धरला. चौकट मध्यावर आली तशी मी एंटर दाबलं आणि सहाच्या सहा सिलिंडरचे आकडे पडद्यावर उभे राहिले.

बाबा वाकले. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, पण आकडे बघून म्हणाले, तीन नंबरचा बरोबर आहे, हा मला आठवतो. मी लगेच सेव्ह केलं. मग साहेबांकडे वळून कबूल केलं, की तुम्ही तपासायच्या आधीच केलं.

"मग कधी करणार होतीस? जहाज सुटल्यावर?" साहेब म्हणाले, आणि आंटीला त्यातलं काही कळलं नाही तरी तीही हसली.

सर्वेअर चारला आला, तक्ता वाचला, सही केली. जहाज वेळेवर गेलं. बाबांची पाळी संपली होती, तरी ते ऑफिसातून हलेनात. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले, उजवा हात अंगातल्या बॉयलर सूटवर दोनदा पुसला आणि एक बोट डाव्या बाणावर ठेवलं.

"पुन्हा बाहेर घालव बघू," म्हणाले. "या वेळी मी आणतो."