मॅडम रुजू झाल्या

मेंढरं बाभळीच्या जाळीतून गेली की काट्याकाट्याला थोडी थोडी लोकर राहती. कुणी मुद्दाम ठेवत न्हाई, आपोआप राहती, अन् वरीस सरल्यावर बघावं तर कुपाटी पांढरी झालेली. किस्स्यांचं तसंच हाय. माझी नात सारिका मास्तरीण झाली, जिंतूरला फ्लॅटमधी राहायला गेली, अन् तिच्या सोबतीला मी म्हातारा गेलो. जून ते दिवाळी. तेवढ्यात इतकी लोकर जमली की परवा भेट झाली तवा शाळेचे हेडसर म्हणले, "आबा, तुमी सांगा, मी लिहून घेतो." मला सहीपुरतं लिहिता येतं. तवा बोलणं माझं हाय, अक्षर सरांचं.

आमी मेंढरावाले. पोखर्णीच्या पलीकडं गाव. सारिकाचे आईबाप वरसातला बराच काळ मेंढरामागं फिरतीवर, म्हणून पोरगी आमा म्हातारा-म्हातारीपाशी वाढली. घरात शिकलेली ती पहिली अन् नोकरीला लागलेली बी तीच पहिली.

*

मेंढरावाल्याचं सामान उचलता येईल तेवढंच असतं. घोंगडी, तवा, दोन भांडी. उठलं की चाललं. पण आमी जिंतूरला निघालो त्या दिवशी म्हातारीनं दारात पाटा-वरवंटा काढून ठेवलेला. काळ्या दगडाचा, तिच्या सासूच्या वख्ताचा.

मी म्हणलं, "ह्यो कशाला? पोरीनं मिक्सर घेतलाय."

"असू द्या की. जड वस्तू घरात असली की माणूस लगेच उठत न्हाई."

यष्टीत पाटा पायापाशी ठेवला. कंडक्टर आला. "बाबा, ह्याचं तिकीट?"

"खाली बसलाय बिचारा. शिटावर बसला तर काढा."

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर अन् लिफ्ट न्हाई. पाटा खांद्यावर घेऊन मी जिना चढायलोय, दर वळणाला टेकायलोय. मागून सारिका वरवंटा लेकरावाणी कडेवर घेऊन. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडं होतं. तिथं राहणाऱ्या शबानाभाभी बाहेर आल्या.

"चाचा, ये क्या उठाके लाए?"

"पाटा हाय, भाभी."

"या अल्ला! इत्ता वजन. वापस जाते वख्त नीचे कौन उतारेगा?"

"म्हणून तर आणलाय," मी म्हणलं.

*

शाळा जिंतूरच्या बाहेर एका वाडीवर. दोन खोल्या, एक लिंब, हेडसर, अन् आता सारिका. पहिल्या दिवशी मी संगं गेलो. हेडसरांनी तिची सही घेतली, शिक्का मारला अन् माझ्याकडं बघून म्हणले, "झालं बघा आबा. मॅडम रुजू झाल्या."

मी जरा इचारात पडलो. म्हणलं, "सर, ती आज आली. आजच कशी रुजंल? मुगाला बी चार-सहा दिस लागत्यात."

सारिकानं ओढणी तोंडाला लावली. "आबा, रुजू म्हणजे कामावर हजर होणं."

हेडसर भला माणूस. हसले न्हाईत. म्हणले, "सरकारच्या हिशोबानं रुजू झाल्या, आबा. तुमच्या हिशोबानं रुजल्या की मला कळवा."

तवापासून सकाळी शाळेत पाय ठेवला की हेडसर इचारायचे, "काय मॅडम, रुजल्या का?"

अन् सारिका खाली बघून म्हणायची, "जमिनीला पेरण्याजोगा वापसा न्हाई सर अजून."

*

ती हसण्यावारी न्यायची, पण मला माहीत होतं. शाळेच्या पहिल्याच संध्याकाळी फ्लॅटमधी पाट्यावर बसून रडली होती. खाली सतरंजी अंथरलेली, तरी पाट्यावर बसली. गावाकडचं तेवढंच होतं तिथं.

"आबा, मला न्हाई जमायचं हे. वर्गात माझा आवाजच निघत न्हाई. लेकरं आपल्याच नादात. अन् इथं आलं की चार भिंती. मी सोडून दिऊ का?"

मी काय शिकवणार तिला. मेंढी नव्या रानात आली की पहिल्या दिवशी चरत न्हाई, नुसती उभी राहती, एवढंच मला ठाऊक. म्हणलं, "तू रुजंपर्यंत मी हाय इथं. न्हाईच रुजली तर मुळासकट उचलून गावाकडं नेतो. कुणी काय म्हणणार न्हाई."

ती डोळे पुसत म्हणली, "अन् पाटा?"

"पाटा राहू दे भाभीला."

तवा जरा हसली.

एक गोष्ट मात्र मी ध्यानात ठेवली. त्या फ्लॅटला ती घर म्हणायची न्हाई. "आबा, रूमवर चला." "आबा, रूमची चावी कुठाय?" घर म्हणजे आमचं गावातलं, पत्र्याचं. शनिवार आला की म्हणायची, "आबा, घरी जाऊ." अन् सोमवारी यष्टीत बसली की, "चला, रूमवर." फोनवर आजीला बी तेच, "आजी, पोचले रूमवर."

मी बी टोकलं न्हाई. ओढून आणलेलं मेंढरू थांबत न्हाई.

*

माळावर शंभर पालं असली तरी मी माझं पाल ओळखतो. पण त्या इमारतीतली दारं सगळी सारखी. रंग तोच, कडी तीच.

एक दिवस भाजी घेऊन आलो. दार उघडंच होतं. आत गेलो, पटका काढून खुंटीला अडकवला, भिंतीला पाठ टेकवली अन् डोळे मिटून म्हणलं, "सारिका, पाणी दे गं."

पाणी आलं. पिलो.

"जरा चहा टाक बाई. लय दमलो."

थोड्या वेळानं चहा आला. पहिला घोट घेतला तर लय झकास. म्हणलं, "आज वेलची टाकलीस का?"

"जी चाचा, टाकी हूं."

डोळे उघडले तर समोर शबानाभाभी.

मी गडबडलो. "भाभी, तुमी आमच्याकडं कवा आलात?"

"तुम आए, चाचा. घर हमारा हाय, तुमारा उप्पर हाय. पन चाय पूरी पीके जाव."

सारिकाला कळलं तशी ती म्हणली, "आबा, कुणाच्या बी दारात गेलं की आधी बेल वाजवायची असती."

मी म्हणलं, "पोरी, बेल मी जन्मभर वाहिलाय. वाजवला कधीच न्हाई."

*

आता आवाजाची गोष्ट. सारिकाचा आवाज लहानपणापासून बारीक. वर्गात लेकरं इतका गलका करायची की लिंबावरचे कावळे उठून जायचे. तिनं डस्टर आपटून बघितलं, रुसून बघितलं, गप उभं राहून बघितलं. काय उपेग न्हाई.

भादव्यातली गोष्ट. मी लिंबाखाली बसलेलो. आत दंगा वाढत वाढत गेला, अन् एकाएकी आतून आवाज आला, "ट्र्र्रर्र... हाऽऽ!"

मी ताडकन उभा राहिलो. ती आमची हाक हाय, कळप थांबवायची. जीभ टाळूला लावून काढावी लागती. आवाज बारीक असला तर उलट लांब जाती. पोरीच्या तोंडातून ती कशी निघाली, तिलाच कळलं न्हाई.

वर्ग एकदम चिडीचूप. वाडीतली निम्मी लेकरं मेंढरावाल्यांचीच. हाक ऐकली अन् जिथल्या तिथं थांबली. बाकीची त्यांच्याकडं बघून थांबली. पलीकडच्या वर्गात हेडसर बी फळ्यावर लिहायचे थांबले. ते त्यांनीच मला सांगितलं, तवा इथं लिहायला त्यांची हरकत नसावी.

शेवटच्या रांगेतला एक जण उठला. "मॅडम, आमी काय मेंढरं हाव का?"

सारिका म्हणली, "न्हाई रे बाबा. मेंढरं पहिल्या दिवशीच थांबली असती."

त्या दिवशी घरला येताना, म्हणजे रूमवर येताना, ती सगळ्या वाटेनं बोलत होती. मी नुसतं हूं हूं केलं.

*

तिच्या वर्गात गोदावरी नावाची एक पोरगी. सगळे गोदी म्हणायचे. तेल लावून चप्प बसवलेले केस, अन् बोलायला मोठ्या बाईवाणी. पहिले दोन महिने ती सारिकाला नुसतं "ओ मॅडम" म्हणायची. सारिकानं एकदा इचारलं, "गोदे, माझं नाव काय?"

"माहीत न्हाई."

"कामून गं?"

"मागच्या मॅडमचं नाव पाठ केलं, त्या गेल्या. त्याच्या आधीच्या सरांचं केलं, ते बी गेले. तुमचं दिवाळीनंतर करते."

सारिकानं हे मला हसत हसत सांगितलं. सांगून झाल्यावर हसली न्हाई.

मग दिवाळी तोंडावर आली. वाडीतली बरीच माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जात्यात, लेकरंबाळं घेऊन. शाळेला सुट्टी लागायची होती त्या दिवशी गोदी दप्तर पाठीला लावून टेबलापाशी आली.

"मॅडम, तुमी सुट्टीनंतर येणार हाव का?"

"का गं?"

"आय-बाप उसाला जाणारेत. आजी म्हणती, मॅडम येणार असतील तर तू माझ्यापाशी राहा, शाळा कर. येणार नसतील तर इथं बसून काय करतीस, जा उसाला. म्हणून इचारायलेय."

 सारिकानं पोरीच्या गालावरून हात फिरवला. गोदी म्हणली, "गाल नका कुरवाळू. हो का न्हाई ते सांगा. आजीला सांगावं लागतंय."

सारिका म्हणली, "बघू."

यष्टीत गावापर्यंत पोरगी खिडकीबाहेर बघत बसली. पोखर्णी आली तवा बोलली, "आबा, मी बघू म्हणले. तिला हो म्हणायला पाहिजे होतं ना?"

मी म्हणलं, "तू हो म्हणून गेली नसतीस तर?"

ती परत खिडकीकडं वळली. मीच उगं बोललो असं झालं.

*

दिवाळी झाली. माझा गुडघा सुजला. गोठ्याच्या पायरीवर घसरलो, बाकी काय न्हाई. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी सारिकानं एकटीचीच पिशवी भरली.

"आबा, तुमी पाय बरा होईपर्यंत इथंच राहा. मी जाऊन बघते."

"एकटी?"

"बघते म्हणले ना."

लेकराला मोठं केलं की असं बोलायला लागतंय.  पण म्हातारीला म्हणलं, "माझी बी पिशवी भरून ठेव. पोरीचा फोन आला की लंगडत का होईना जातो. राहायला न्हाईतर आणायला." म्हातारीनं पिशवी भरून खुंटीला अडकवली. वरून घोंगडी बांधली.

सारिका पहाटेच्या गाडीनं गेली. जिंतूरला उतरून तशीच शाळेत जाणार होती.

दिवसभर मी ओट्यावर. फोन पुढ्यात ठेवलेला, तो बी उताणा, म्हणजे वाजला तर दिसावा बी. म्हातारी म्हणली, "नजरेनं बघून का वाजतोय तो?" अन् दर थोड्या वेळानं तीच येऊन बघून जायची. दुपार झाली. शाळा सुटायचा वख्त झाला. मेंढरांची कोकरं वाघुरात, जाळीच्या कुंपणात, ओरडायला लागली, तरी फोन न्हाई. मी खुंटीवरच्या पिशवीकडं बघितलं अन् शेवटची यष्टी किती वाजता असती त्याचा इचार करायला लागलो.

मी उठून कोकरांना पाला टाकायला गेलो अन् नेमका तवाच वाजला. म्हातारीनं उचलला.

"हां बोल गं... हां... जेवली का? ... कोण, गोदी? ... आली होती? बरं झालं... काय पाठ केलं म्हणती? ... तुझं नाव?... बरं, बरं... हां... आं?"

अन् फोन तसाच उंबऱ्यावर ठेवून म्हातारी लगबगीनं अंगणात आली. कपाळावर हात आडवा धरून रस्त्याकडं बघितलं. मग घराच्या मागं जाऊन बघितलं. मग वाघुरापाशी आली.

मी म्हणलं, "काय झालं? काय हुडकायलीस?"

"सारिका आली न्हाई का इकडं?"

"ती जिंतूरला हाय की."

"अहो न्हाई. आताच फोनवर म्हणली ती. 'आजी, पाच मिनिटं झाली बघ, घरी आले,' म्हणली."

मी हातातला पाला खाली ठेवला.

"तुला नीट ऐकू आलं का?"

"कान चांगले हायत माझे. घरी आले, म्हणली. आत जाऊन चहा टाकते, दमून आली असंल लेकरू. तुमी जरा वेशीपर्यंत बघून या."

मी वेशीकडं गेलो न्हाई. आत जाऊन खुंटीवरची पिशवी काढली, घोंगडी सोडून खाली अंथरली अन् तिच्यावर बसलो. म्हातारीनं तीन कप चहा आणला.

सारिकाच्या वाटचा बी मीच पिलो.