गार मॅडम

मला पुण्यात टिकवलं ते गार मॅडमनी. हे आधीच सांगून टाकते, पुढे गेल्यावर मला धड बोलता येईलच असं नाही. धायरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात त्या हायब्रिड गाड्यांचे जनरेटर डिझाइन करायच्या. नवा जनरेटर तासभर फिरवला, की मीटर बघायच्या आधी त्याच्यावर तळहात ठेवायच्या, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि आम्हाला विचारायच्या, "गार आहे ना?" म्हणून हे नाव.

मी भंडाऱ्याकडची, आठवीतच शाळा सुटलेली. जनरेटरमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी भरायच्या कामाला लागले, तर ड्रॉइंग बघूनच घाम फुटला. "मले नाही जमत जी," म्हणत पिशवी उचलली. त्या म्हणाल्या, "अहो, गावची गाडी संध्याकाळी आहे ना? तोवर एक वेटोळं भरा, मग जा." भरलं. "आता दुसरं. गाडी काय, उद्याही असते." असं कितीतरी दिवस थांबवलं मला. रंगीत दोरे ओवून तारेची वाट दाखवली. माझ्या शिक्षणावरून कुणी बोललं की म्हणायच्या, "चुंबकानं अजून तरी कुणाची मार्कशीट मागितलेली नाही."

त्यांचं सगळं शास्त्र मला समजेल एवढंच असायचं. "यात घासणारे ब्रश नाहीत. इंजिन चुंबक फिरवतं, तुमच्या तांब्यात वीज तयार होते, ती बॅटरीत जाते. गरम झालं, म्हणजे वीज वाटेतच गळाली." एखादा जनरेटर तापला, की शांतपणे म्हणायच्या, "छान. चहा ठेवा यावर."

मग त्यांचं आजारपण आलं. औषधांनी हात बधिर झाले. नवं डिझाइन चाचणीला लागलं, तेव्हा बहिणीच्या खांद्याला धरून आल्या. तळहात ठेवला. ठेवूनच राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला काही कळत नाहीये हो. तुम्ही बघा."

मी हात लावला आणि झटकन त्यांचा हात ओढून घेतला. तळवा लालबुंद झाला होता.

"म्हणजे गरम आहे," त्या म्हणाल्या. "चहा ठेवा."

कुणी हसलं नाही. जाताना दारातून सांगितलं, "तारेचे बाहेर आलेले वळसे आखूड करा. तिथे गळतंय."

तेव्हापासून त्या विश्रांतवाडीला बहिणीकडे पडून आहेत. रविवारी जाते. तळव्याला मलम लावते, त्यांना कळत नाही. कपाळावर ओली पट्टी ठेवली, की तेवढं म्हणतात, "हं, गार." मग जनरेटरचं विचारतात, "झाला का?"

"होतोय जी."

होत नाही. वळसा आखूड करायला गेलं की तारेवरचं, वीज अडवणारं वार्निश निघतं, सगळं उसवून पुन्हा भरावं लागतं. इकडे मी उसवते आणि तिकडे त्या दर रविवारी थोड्या कमीच दिसतात. माझ्या हातात दुसरं काही नाही.

पण मॅडम, तो जनरेटर तासभर फिरून गार राहील ना, त्या दिवशी मी तशीच निघेन. त्याच्यावर ठेवलेला हाच तळहात आणून तुमच्या कपाळावर ठेवीन. कपाळाला तुमच्या अजून कळतं.