कंस बंद कोन करनार

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी दोघींनी मिळून एक प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्यांनी हजेरी घेणारे नाहीतर ग्रंथालयाची पुस्तकं सांभाळणारे प्रोग्रॅम निवडले, कारण ते मागच्या मुलांकडून आयते मिळत. माझी मैत्रीण म्हणाली, आपण आलेख काढणारा कॅल्क्युलेटर करू. चौकटीत समीकरण लिहायचं, बटण दाबायचं आणि खाली त्याची रेघ उमटली पाहिजे.

ती जाफराबादजवळच्या एका वस्तीवरून रोज जीपने भोकरदनला यायची. तिच्या घरी मेंढरं होती आणि थोडी कपाशी. मी भोकरदनचीच. माझे वडील शाळेत शिक्षक, त्यामुळे घरात एक जुना लॅपटॉप होता. कॉलेज सुटलं की आम्ही आमच्या घरी, बुद्धाच्या तसबिरीखालच्या टेबलाशी बसायचो आणि शेवटच्या जीपची वेळ झाली की ती पळायची.

वाटणी तिनेच केली. पडद्यावर दिसणारं सगळं माझं: खिडकी, बटणं, अक्ष, रेघ. लिहिलेल्या समीकरणाचा अर्थ लावायचं काम तिचं. ते जास्त अवघड होतं. आधी गुणायचं की आधी मिळवायचं, कंस कुठं संपतो, यातलं काहीच संगणकाला उपजत येत नाही. तुकडे पाडून एकेक शिकवावं लागतं.

पहिल्यांदा x चा वर्ग लिहिला तेव्हा वाटीसारखी वर उघडणारी रेघ यायला हवी होती. आली ती पालथ्या टोपल्यासारखी. संगणकाचा पडदा वरून खाली मोजतो, हे मला ठाऊक नव्हतं. ती इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मी एक उणे चिन्ह घातलं आणि वाटी सरळ झाली.

समीकरण चुकलं तर एक लहान चौकट उघडून चूक सांगायची, असं ठरलं होतं. ते मजकूर तिने आपल्याच बोलीत लिहिले. परीक्षक बाहेरचे येणार, जरा नीट भाषा वापरू, असं मी सुचवलं. तिने ऐकलं नाही.

"लोकायची चूक काढायची तर त्यायच्या बोलीत काढावी," ती म्हणाली. "मंग राग येत न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीआधी तिला ताप आला. डेंग्यू निघाला. वस्तीवरून जाफराबादला आणि तिथून जालन्याला नेलं. मी फोन केला तर आवाज बारीक झाला होता, पण बोलली कामाचंच. कंसाचं झालंय, तू अक्षांवर आकडे टाकून ठेव. ती परत आली नाही.

पुढे बरेच दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. उघडला तो एका दुपारी, सरांनी प्रोजेक्टचं विचारलं म्हणून. आकडे टाकले, मग ते बरोबर बसलेत का बघायला एक समीकरण लिहिलं. घाईत शेवटचा कंस राहिला. चौकट उघडली.

"कंस उघडलास, बंद कोन करनार?"

मी मागे सरकले. ते तिने लिहिलेलं आहे हे मला माहीत होतं. तरी खोलीत कोणी बोलल्यासारखं झालं. चौकटीखाली 'ठीक आहे' असं बटण होतं, ते दाबायला हात होईना. आईने जेवायला हाक मारली, मी गेले नाही. शेवटी बॅटरी संपून पडदा काळा झाला, तेव्हा उठले.

त्यानंतर मी मुद्दाम चुकीची समीकरणं लिहू लागले. दोन अधिक चिन्हं लागोपाठ टाकायची. शून्याने भागायचं. ती बोलायची. "जल्दी कशाची हाय? बराबर बघून लिही." "शून्यानं भागू नको माय, हाती काहीच लागत न्हाई." तिची फाइल उघडली असती तर सगळे मजकूर एका नजरेत वाचून झाले असते. म्हणूनच उघडत नव्हते. ती आणखी काय म्हणेल हे माहीत नसेपर्यंत ती कुठेतरी आहे, असं वाटायचं. वडिलांनी एकदा दारातून हे पाहिलं. त्या दिवसापासून मी बसले की तेही वर्तमानपत्र घेऊन त्याच खोलीत बसू लागले.

मग एक खरी चूक सापडली. उणे x वर्ग लिहिलं तर टोपलं पालथं यायला हवं, येत होती सरळ वाटी. पडदा उलटा करणारं ते उणे चिन्ह माझं होतं, तेव्हा चूक माझीच असणार, असं धरून मी माझा भाग उसवून पुन्हा लिहिला. वाटी तशीच. चूक तिच्याकडे होती. तिचा प्रोग्रॅम आधी उणे चिन्ह लावायचा आणि नंतर वर्ग करायचा, मग उणेचं अधिक होणारच.

फाइल उघडावी लागली. मजकुरांकडे न बघता मी थेट त्या जागी गेले. दोन ओळींची अदलाबदल, बस. रेघ पालथी झाली. आणि मला वाटलं, ती चूकसुद्धा तिचीच होती, आता ती पण गेली.

परीक्षा झाली. परीक्षकांनी चुकीचं काही लिहून पाहिलं, चौकट वाचली, हे कोणी लिहिलं असं विचारलं. मी सांगितलं.

निकालानंतर मी लॅपटॉप घेऊन तिच्या वस्तीवर गेले. तिची आई अंगणात शेंगा सोलत होती, वडील मेंढरं सोडायच्या तयारीत होते. मला बघून थांबले. मी ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला आणि लेकीने काय केलंय ते दाखवू लागले. आईला वाचता येत नव्हतं. मी मुद्दाम चूक करायचे आणि चौकटीतलं वाचून दाखवायचे. प्रत्येक वेळी आई म्हणायची, अजून एक. तिचा चेहरा उजळत चालला होता आणि मला भीती वाटू लागली होती, कारण हे मी ओळखत होते.

मग तिने विचारलं, "बराबर लिहिल्यावर काय म्हनती?"

"काही न्हाई म्हणत, मावशी. नुसती रेघ काढते."

आई पडद्याकडे बघत राहिली. मैत्रिणीचे वडील एवढा वेळ पाठ फिरवून उभे होते. जीपपर्यंत सोडायला ते माझ्याबरोबर आले, आणि रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "बाई, तू येत जाय. हे पुन्हा आणू नको. ही आधीच जेवत न्हाई दोन-दोन दिवस."

मी येत-जात राहिले, अजूनही जाते. लॅपटॉप नेला नाही.

आता मी इथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. आलेखाच्या तासाला तो प्रोग्रॅम पडद्यावर लावते. मजकूर बदलावेत असं दरवर्षी मनात येतं, आणि दरवर्षी फाइल न उघडताच वर्गात जाते. मुली समीकरण चुकवतात, चौकट उघडते, त्या हसतात. त्यांना वाटतं मॅडमनीच लिहिलंय. मागच्या आठवड्यात मात्र एकीने हात वर केला. म्हणाली, मॅडम, तुम्ही असं बोलत न्हाई. हे कोन बोलून राह्यलं?

मी माझ्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. वर्गात ते मोठ्याने उच्चारायची ती पहिलीच वेळ. मुलीने मान डोलावली आणि समीकरण पुन्हा लिहायला घेतलं.