नाही म्हणायचा खेळ

आगाशीच्या आशालताबाईंना निवृत्त झाल्यावर घरी गप्प बसणं जमलं असतं तर किती बरं झालं असतं! पण कसलं काय. गावाने वाचनालयामागच्या खोलीत जुन्या वस्तू मांडून 'म्युझियम' अशी पाटी लावली, आणि बाईंनी आसपासच्या शाळांतली पोरं तिथे बोलवायला सुरुवात केली.

त्यांचा लाडका तास गुलामीचा. पोर्तुगीजांच्या काळात वसईत माणसं विकत घेत, हे नुसतं सांगून चौथीच्या पोरांना काय डोंबल कळणार? म्हणून त्यांनी खेळ काढला. गावातल्या क्लाराबाईंनी म्युझियमला घरातली जुनी पितळी घंटा दिली होती, ती त्या वाजवत. "एकदा वाजली की उठायचं, पुन्हा वाजली की बसायचं. मी मालकीण, तुम्ही माझे गुलाम. पण नको वाटेल त्याने खुशाल 'नाही' म्हणायचं. तो सुटला!"

उठा. बसा. उठा. बसा. पोरं घामाघूम व्हायची, पण एक जण 'नाही' म्हणेल तर शपथ! बाईंचा जीव तुटायचा. एकाने तरी म्हणावं हो! त्यांना स्वतःला कुठे जमलं होतं? घरच्यांनी कॉलेज सोड म्हटलं, सोडलं. लग्नाला उभी राहा म्हटलं, राहिल्या.

आणि दोन हजार तीन साली शेजारच्या वटार गावच्या शाळेतली दिपिका, दोन वेण्यांची चिमुरडी, घंटा वाजली तरी बसूनच राहिली.

"नाही. माझे पाय दुखतात."

"सुटली! दिपिका सुटली!" बाई आनंदाने ओरडल्या. तोवर मागून तिचे सर आले आणि त्यांनी तिला एक ठेवून दिली. "बाईंना उलट उत्तर?"

"अहो सर, मीच सांगितलं होतं. खेळ आहे हा!"

"तुमचा खेळ तासाभराचा, बाई. ही पोरं मला वर्षभर सांभाळायचीत. माफी माग गं!"

दिपिकाने कान धरले. "सॉरी टीचर."

सरांना चांगलं झापावं असं बाईंच्या मनात आलं. पण उद्या यांनी पोरं पाठवणंच बंद केलं तर? त्या हात चोळत उभ्या राहिल्या.

पुढच्या वर्षी तीच शाळा पाचवीच्या पोरांना घेऊन आली. पहिल्याच रांगेत दिपिका होती. यंदा खेळ नकोच, असं ठरवून बाईंनी घंटा कपाटात ठेवायला उचलली. उचलताना ती जराशी वाजली.

दिपिका ताडकन उठून उभी राहिली.

"बस गं बाळा," बाई कशाबशा म्हणाल्या.

ती लगेच बसली.