कणगीतलं जहाज

तलासरीजवळच्या आमच्या पाड्यात बोटीवर जाणारा माणूस खरं सांगून घर सोडत नाही. नारळी पौर्णिमा झाली की गुजरातच्या मासेमारी बोटींसाठी माणसं न्यायला तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, गाडी येते. ज्यांनी शब्द दिलेला असतो ते घरी सांगतात, चारोटीला हॉटेलात काम मिळालंय, संध्याकाळी येतो. रडारड नको म्हणून हा रिवाज. बाबाही असेच गेले होते. त्यांची बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि ते परक्या देशाच्या तुरुंगात अडकले. सुटून आले तेव्हा मी त्यांना धड ओळखलंही नाही. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि आईचा चारोटी या नावावरचा विश्वास कायमचा उडाला.

मी बी.ए. झालो, घरातला पहिला. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या आमच्या मॅडम कोसबाडला राहतात. त्यांनी मला एका अमेरिकन लेखकाची चार पुस्तकं वाचायला दिली. जुनी शिडाची जहाजं, देवमाशांची शिकार, फुटलेली गलबतं, अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसायला उतरलेली माणसं. इंग्रजी सोपं आहे असं मॅडम म्हणाल्या. मला जड गेलं. तरी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत राहिलो, कारण इतकी चांगली पुस्तकं इतक्या विश्वासाने मला कुणी दिली नव्हती. शिवाय हा लेखक साध्या खलाशांना विसरत नाही. ते काय खात, कशाला भीत, कप्तानाच्या पाठीमागे काय बोलत, हे सगळं तो सांगतो.

आईला वाचता येत नाही, पण चित्र दिसतं. चारही पुस्तकांवर जहाज होतं. त्यातच मला चारोटीच्या एका क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं.

मी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, संध्याकाळी येणार ना? मग माझ्या सदऱ्यांना बोटीच्या डिझेलचा वास येतो का ते बघू लागली. शेजारच्या काकी मला पाहून बोलता बोलता गप्प व्हायच्या. एका सकाळी तर पिशवीतलं पुस्तकच नव्हतं. आईनेच चुलीत घातलं असणार, असा मला संशय आला.

पुस्तक घरामागे बाबांच्या हातात होतं. यात काय आहे ते बघा, म्हणून आईने दिलं होतं. त्यांनी नकाशाचं पान उघडलं होतं आणि जहाजाच्या वाटेवरून बोट फिरवत होते.

"ह्यात परत आलेल्यांचं लिवलंय का?" त्यांनी विचारलं.

परत आलेल्यांनी सांगितलं म्हणूनच लेखकाला कळलं, असं मी म्हणालो.

"मग घरी आल्यावर त्यांना कोणी काय विचारलं?"

मी आठवून पाहिलं. त्याबद्दल फार वाचल्याचं आठवेना.

"विचारत नाय कोणी," बाबा म्हणाले. "तुझी आई तर कडी लावून बसायची. परत जाईन म्हणून."

"अजून लावते," आई आतून म्हणाली. "आता दोघांसाठी."

मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर चारोटीला चल, क्लास दाखवतो.

"क्लास दाखवशील. गाडी नंतर येईल." ती बाहेर आली आणि बाबांच्या हातातून पुस्तक घेतलं. "हे सोडून तू कुठं जात नाहीस, ते मला म्हायती आहे. तू जा. जहाज इथं राहील."

तेव्हापासून सकाळी निघताना मी पुस्तक तिच्या स्वाधीन करतो. ती ते फडक्यात गुंडाळून भाताच्या कणगीत खोल पुरते. संध्याकाळी मी दारात दिसलो की कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढते. वाचताना पानांतून तूस पडतं. अधूनमधून बाबा शेजारी येऊन बसतात आणि खलाशी आज कुठवर पोचले ते विचारतात. आई लगेच चुलीपाशी बसून कान देते.

तांडेलाची गाडी येऊन गेली. दिसली ती एक, न दिसलेल्या आणखी असतील, असं आईचं म्हणणं.

चौथं पुस्तक संपत आलंय. सगळी मॅडमना परत द्यायची आहेत, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.