घाटमाथ्यावरची डबल बेल

इथले भुताखेताचे किस्से वाचून खाली खवचट प्रतिसाद टाकणाऱ्यांत मी पहिला असतो, हे जुन्या सभासदांना चांगलंच माहीत आहे. गणिताचा मास्तर आहे मी… पुरावा मागायची खोड जात नाही. आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा जव्हारला शिक्षक होतो. रविवारी आम्ही सहा जण सायकली काढायचो – चार मास्तर, प्रकल्प कार्यालयातला एक क्लार्क आणि एसटीत कंडक्टर असलेला दौलत. गिअर-बिअर लाड नव्हते, साध्या काळ्या सायकली.

दौलत कायम सगळ्यात मागे. दमायचा म्हणून नव्हे हं, ती त्याने मागून घेतलेली जागा होती! चढ संपला की आम्ही थांबायचो. तो शेवटी यायचा आणि सायकलची घंटी दोनदा वाजवायचा – एसटी सोडताना देतात तशी डबल बेल. की मी पुढून ओरडायचो, "चलाऽऽ!" आणि गाडी सुटायची. मागे वळून बघायचं नाही, हा नियमच. त्याच्या घंटीची वाटी तडकलेली, वाजण्यापेक्षा खरखरायचीच जास्त. "नवी घे की, चिक्कू माणसा," मी म्हणायचो. तर म्हणे, "आवाज वळखू येतो ना सर? मंग झालं."

त्या रविवारचा बेत असा – पहाटे निघायचं, मोखाडा, खोडाळा करत सूर्यमाळचा घाट चढायचा आणि वर पाड्यावर दौलतच्याच गावच्या घरी जेवायचं. येताना सायकली एसटीच्या टपावर. सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, कोंबडी आणि नागलीच्या भाकरीचं कबूल केलं होतं. आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

खोडाळ्याला चहा घेताना दौलत गप्प होता. छाती चोळत होता. "पित्त झालंय," म्हणाला. मी काय म्हणावं? "दोन रविवार दांडी मारलीस ना, त्याचं पित्त आहे ते." सगळे हसले. तोही हसला.

घाटात ऊन चढलं. आम्ही पाच जण धापा टाकत माथ्यावर पोचलो, एका झाडाखाली बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मला भूक लागलेली, त्यामुळे चिडचिड चाललेली. तेवढ्यात खालच्या वळणाआडून, अगदी वीस-पंचवीस पावलांवरून, घंटी वाजली. दोनदा. तीच खरखर. "आला बघ कंडक्टर," क्लार्क म्हणाला. मी ओरडलो, "चलाऽऽ!" आणि पेडल मारलं… मागे बघितलं नाही.

घरी वहिनी दारात पाण्याचा हंडा घेऊन उभ्या होत्या. पाचही जणांच्या हातावर पाणी घातलं, प्यायला तांबे दिले. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आणि हे?"

"येतोय मागनं. बेल दिलीय त्याने. तिकिटं फाडत बसला असेल माकडांची," मी म्हणालो.

त्याही हसल्या. हे मी कसं विसरू?

अर्धा तास गेला. मग खालून एक जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, दौलतला खोडाळ्याच्या दवाखान्यात नेलंय, चला. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटंही लागली नसतील. लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईने त्याला बघितलं होतं. "तुमी पाच जण फुडं गेलात नि लगीच तो मोरीवर बसला. तसाच आडवा झाला." ती मोरी, म्हणजे रस्त्याखालच्या ओहोळावरचा कठडा, घाटाच्या पायथ्याशी. माथ्यापासून चांगली तीन किलोमीटर खाली. सायकल तिथेच पडलेली.

मग घंटी कोणी वाजवली? त्या रस्त्याला तेव्हा दुसरी सायकल नव्हती. एकट्या माझ्या कानांचा दोष म्हणावा, तर पाचही जणांनी ऐकली. घंटी वाजली नसती तर मी मागे गेलो असतो. उतारावर किती वेळ लागतो? तो वाचला नसता, मान्य… पण परक्या बाईसमोर, रस्त्यावर, एकटा पडून राहिला नसता हो. हा हिशेब मला आजतागायत सुटलेला नाही.

दहाव्याला मी वहिनींसमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पित्ताची थट्टा, घंटी, मागे न बघणं. "मी त्याला टाकून आलो, वहिनी," म्हटलं आणि मास्तर असून लेकरासारखा रडलो. वाटलं, आता शिव्या घालतील. घालाव्यात असंच वाटत होतं.

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "सर, मी कंडक्टरची बायको. कंडक्टर सोता गाडीत चढल्याबिगर डबल बेल देतो का कधी?"

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"तो चढला तुमच्यासंगं. घरापर्यंत आला." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "मीच मेली… पाच जणांना पाणी दिलं, नि त्याला नाय दिलं."