नस्तीतलं सातवं पान

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. खाती नवी, जागा मात्र जुन्या. एकाच खात्याचे अभियंते एका मोहल्ल्यात, सचिव दुसऱ्या, आणि मंत्र्यांचा कारभार शंकर नगरच्या बंगल्यावरून. मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो; तिकडे त्याला टीआय म्हणतात.

अशाच एका खात्याच्या नव्या कार्यालयासमोरचा पोर्च उद्घाटनाच्या दोन दिवस आधी कोसळला. खाली एक गवंडी सापडला. जीव वाचला, पण दोन्ही पाय चेचले गेले. स्लॅबखालचं सेंट्रिंग, म्हणजे आधाराच्या बल्ल्या आणि फळ्या, मुदतीआधीच काढलं होतं हे पंचनाम्यातच दिसलं. ते कोणी काढायला लावलं, हा खरा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वरून फोन आला. चूक उपअभियंत्याची आहे, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. मी "जी सर" म्हणालो, माणसाला उचलून आणलं आणि अटकेचा कागद तयार करायला सांगितला. त्या बांधकामाची नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, उघडून बघायची तसदीही घेतली नाही. वरून फोन आला की पोलिसाचा हात आधी चालतो आणि डोकं मागाहून.

उपअभियंता मूळचा भंडाऱ्याकडचा. वडील रेल्वेत, म्हणून इथंच वाढलेला. मी मराठी आहे हे कळल्यावर त्याला कंठ फुटला.

"साहेब, मी लिहून देल्लं होतं. पंधरा दिवस सेंट्रिंगले हात लावू नका म्हणून. सातव्या पानावर हाय."

मग मात्र मी नस्ती मागवली. सहाव्या पानानंतर एकदम आठवं. कार्यपालन अभियंता, म्हणजे त्याचे थेट साहेब, म्हणाले, आकडा टाकताना चुकला असेल.

"मंग माह्यं पान गेलं कुठं?" उपअभियंत्याचा आवाज चिरकला. "मी आत गेलो तं नोकरी गेलीच समजा. दोन पोट्ट्या शिकून राहिल्या माह्या."

खबर मिळाली ती त्या खात्याच्या चपराशाकडून. ठाण्यासमोरच्या टपरीवर तो बराच वेळ घुटमळत होता. हवालदारानं आत आणल्यावर त्यानं पिशवीतून डाकवही काढली.

"नस्ती मैं खुदे लेगे रहेंव साहब. सात पन्ना रिहिस."

"पक्का? तुम ही ले गए थे? सात पन्ने थे?"

"हव. गिन के लिखे हंव."

जुन्या राजधानीत नस्ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हातोहात जायची. इथं ती सायकलवरून गावभर फिरायची आणि प्रत्येक दारात चपराशी वहीवर सही घ्यायचा. या चपराशावर पूर्वी एकदा पान हरवल्याचा आळ आला होता, तेव्हापासून तो पानंही मोजून लिहायचा. नस्तीतलं पान काढणाऱ्यांना सायकलला लटकणाऱ्या पिशवीतल्या या वहीची आठवणच राहिली नव्हती. नोंद स्पष्ट होती: पाने सात. पुढं कार्यपालन अभियंत्यांकडची, सचिवांकडची आणि मंत्र्यांच्या बंगल्यावरची सही. तिन्ही सह्या पोर्च पडण्याच्या चार दिवस आधीच्या.

दोघा साहेबांचे जबाब घेतले. अभियंता सचिवांकडे बोट दाखवत होते, सचिव अभियंत्याकडे. "ऊपर से इशारा था," एवढं दोघंही म्हणाले. इशारा कुणाचा, ते काही बोलेनात. चोरांना वेगवेगळं बसवून विचारावं ही आमची रीत. साहेब लोकांच्या बाबतीत ती उलटी करावी लागते, कारण वेगळं बसवलं की प्रत्येक जण समोर नसलेल्यावर ढकलतो. बदली होणार हे धरूनच मी दोघांना घेऊन मंत्र्यांच्या बंगल्यावर गेलो.

डाकवही मंत्र्यांपुढं ठेवली. सचिवांनी लगेच त्यांना सुटायची वाट करून दिली. "सर, ये तो रिसीव करने वाले का दस्तखत है. आपने थोड़ी देखा होगा."

मंत्र्यांनी वही जवळ ओढून ती ओळ वाचली.

"देखा था," ते म्हणाले. "पढ़ा भी था. मेहमान आने वाले थे, मैंने कहा, सेंट्रिंग खोल दो. लिखिए टीआई साहब, पहला नाम मेरा लिखिए."

मग सचिव खाली बघत म्हणाले की अभियंत्याला फोन त्यांनीच केला. अभियंत्यांनी ब्रीफकेस उघडली आणि आतून सातवं पान काढून टेबलावर ठेवलं. सरकारी माणूस कागद लपवतो, पण फाडायला त्याचा हात धजत नाही.

ठाण्यात परतलो तेव्हा अटकेचा कागद सहीवाचून पडून होता. उपअभियंत्याला म्हटलं, तुम्ही आता साक्षीदार, घरी जा. तो ओक्साबोक्शी रडला. डोळे पुसून दारापर्यंत गेला आणि परत आला.

"साहेब, माह्या जबाबात अजून एक लिहा. मी पान लिहिलं अन् मोकळा झालो. त्या गवंड्याले तोंडानं सांगतलं नाही का खाली नको जाऊ. दोन पावलांवर होता तो."

"त्याची गरज नाही," मी म्हणालो.

"तुमाले नसन. मले हाय."

मी लिहून घेतलं. वरच्यानं आधी "माझं चुकलं" म्हटलं की खालच्यांना खरं बोलायला जागा होते, हे त्या दिवशी बंगल्यावर पाहिलं होतं. पण ज्याच्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही तोही आपला वाटा मागून घेतो, हे मला या माणसानं शिकवलं. मग माझाच हात अडला. नस्ती न पाहता, निव्वळ फोनवरून मी त्याला उचलून आणलं, हे केस डायरीत लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानंतर दवाखान्यात गेलो. त्या गवंड्याला अजून कुणीच सांगितलं नव्हतं की चूक त्याची नव्हती.